थोरलीच्या सह्या

पंख्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये दोन सख्ख्या जावा चौदा वर्षं कामाला होत्या. थोरली बोलायची आणि धाकटी रांधायची. असं सांगितलं की लोकांना वाटतं, थोरली नुसती मिरवत असेल. तसं नव्हतं. भाजी निवडणं, तांदूळ धुणं, कंत्राटदाराशी भांडणं, उशिरा येणाऱ्या गॅसवाल्याला दारातच गाठून त्याची कानउघाडणी करणं, ही सगळी थोरलीची कामं. शेगडीपाशी मात्र धाकटी. तीनशे माणसांचं जेवण ती एकटी उतरवायची आणि सबंध दिवसात तिच्या तोंडून दहा वाक्यं निघायची नाहीत. कामगार तिला मुकीबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एक काम मात्र धाकटी कधीच करायची नाही. मीठ घालायचं. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात गडबडीत दोघींनीही डाळीत मीठ घातलं होतं आणि तीनशे माणसांनी दुपारभर पाण्याचा नळ सोडला नव्हता. "टाकी कोरडी पडली गं," असं थोरली ते वर्षानुवर्षं हसत सांगायची. त्याच दिवशी ठरलं, मीठ एकीच्याच हातचं. धाकटीने भांड्याखालची आच कमी करायची आणि अर्धं पाऊल उजवीकडे सरकायचं. मग थोरली डावीकडून यायची, मूठ उघडायची, ढवळायची, तळहातावर थेंब घेऊन चाखायची आणि म्हणायची, "उतरव." चौदा वर्षांत धाकटीने चव म्हणून जिभेवर थेंब घेतला नाही. घ्यायची गरजच पडली नाही.

थोरलीची आणखी एक सवय होती. कोठारातून सामान काढायचं तर चिठ्ठीवर तिची सही लागायची, आणि ती वेळ नेमकी कणीक तिंबायची. प्रत्येक चिठ्ठीला हात कोण धुणार? म्हणून दर सोमवारी ती आठवड्याच्या सगळ्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायची. काय हवं ते धाकटी नंतर वर लिहायची. कोठारवाला म्हणायचा, "बाई, उद्या कुणी यावर सोन्याची वीट लिहिली तर?"

"तुझ्या कोठारात असली तर दे की," थोरली म्हणायची.

धाकटीचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, तेव्हापासून ती थोरलीच्याच घरात राहत होती. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत भाऊजींचं शिलाई मशीन. भाऊजी म्हणजे थोरलीचा नवरा, शाळांचे गणवेश शिवणारा शांत माणूस. मूलबाळ कुणालाच नव्हतं. धाकटीला माहेरी पाठवून द्यावं असं चारचौघांनी सुचवलं, तेव्हा थोरली एवढंच म्हणाली होती, "ती गेली तर मी रात्री भांडू कुणाशी? यांच्याशी? हे तर मशीन चालू करतात."

मग कारखान्याने कंत्राटदार बदलला. नव्या माणसाने स्वतःची माणसं आणली आणि दोघी जावा घरी बसल्या. तीन आठवडे थोरली गप्प होती. त्या घरात तेवढी शांतता पहिल्यांदाच झाली होती. चौथ्या आठवड्यात ती एक कागद घेऊन आली.

"हे बघ. लहान धंद्याला बँक कर्ज देते. काही गहाण ठेवायचं नाही."

"मग जामीन?" धाकटीने विचारलं.

"सरकार. सरकार हमी घेतंय." थोरलीने कागद टिचकीने वाजवला. "बघ, तुला नवरा राहिला नाही, पण सरकार उभं राहिलं. तू रांध, मी गल्ल्यावर बसते. चार टेबलं. पाटी कसली लावायची ते मात्र मी ठरवणार."

बसस्थानकामागच्या रस्त्याला एक गाळा मिळाला. आधी तिथे लाँड्री होती. छताला कपडे टांगायच्या लोखंडी आकड्यांच्या तीन रांगा तशाच राहिल्या होत्या आणि भिंतींना वाफेचा, साबणाचा वास होता. मालक म्हणाला, अनामत ठेवा, कर्ज होईपर्यंत थांबतो, पण तीन महिन्यांच्या वर नाही. थोरलीने हातातल्या दोन बांगड्या मोडून अनामत भरली. अर्ज दोघींच्या नावाने झाला. थोरली मुख्य, धाकटी तिच्यासोबत.

पहिल्या दोन खेपांतच थोरलीच्या लक्षात आलं की बँकेला सारखं काही ना काही लागतं. आज हे लिहून द्या, उद्या ते, साध्या कागदावर, खाली दोघींच्या सह्या. एका दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदांची चवड घेतली आणि सोमवारच्या चिठ्ठ्यांसारख्या खाली सह्या करत गेली. सही करताना ती जीभ दातांत धरायची. नावाखाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सहाव्या कागदाला तिने पाणी मागितलं. सातव्या कागदावर तिचा तेलाचा अंगठा उमटला.

"पुरे. हात भरून आला," ती म्हणाली. "दरवेळी माझी वाट बघायला नको. तू घे आणि जा. बोलायचं काही नाही, नुसतं द्यायचंय."

त्यातले दोन कागद ती असताना वापरले गेले. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, सकाळी साडेदहाला, भाजीबाजारात दुधी निवडता निवडता थोरली खाली बसली. भाजीवाल्याला वाटलं, बाई खालच्या टोपलीतला बघतायत. तो म्हणाला, "खालचे वरचे सगळे सारखेच आहेत हो." मग त्याने पाहिलं, तर सगळं संपलं होतं.

तेरा तारखेला बँकेतून फोन आला. फोनवरची मुलगी घाईत होती. आमच्यावर दुसऱ्या कुठल्याही बँकेचं कर्ज नाही, असं दोघींच्या सहीने लिहून द्या, उद्या दुपारच्या आत, नाहीतर फाईल या महिन्यात पुढे जाणार नाही.

धाकटीने तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. 'माझी जाऊ वारली' एवढे तीनच शब्द. पण नऊ दिवसांत ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. जो येई त्याला आधीच माहीत असायचं. घशाशी येऊन शब्द तसेच परत गेले आणि ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून तिसरा कागद काढला.

बँकेच्या पायऱ्यांशेजारी टेबल टाकून एक अर्जवाला बसायचा. म्हातारा, जाड चष्म्याचा, टाइपरायटरवर दोन बोटांनी ठोकणारा. थोरलीचं आणि त्याचं पहिल्याच भेटीत दणदणीत भांडण झालं होतं आणि तेव्हापासून दोघांचं छान जमायचं.

"मोठ्या बाई कुठायत?" त्याने विचारलं. "मी शिव्या खायच्या तयारीने आलोय."

"पाय दुखतोय त्यांचा," धाकटी म्हणाली.

त्याने कागद मशीनला लावला आणि खालची सही पाहून हसला. "आधी सही, मग मजकूर. उलटाच संसार आहे तुम्हा जावांचा." मजकूर ठोकून झाल्यावर त्याने विचारलं, "तारीख?"

धाकटीने पाहिलं. रेघ, रेघेखाली दोन टिंबं. शाई जणू आत्ताच वाळलेली.

"आजची," ती म्हणाली.

कळा खटखटल्या. गेलेल्या माणसाने आज सही केली.

त्या दुपारी ती गाळा झाडायला गेली. केर काढून वळली, तर वरचा एकच आकडा हलत होता. बाकीचे स्थिर. वारं नव्हतं, दार ओढलेलं होतं. उंदीर असेल, तिने स्वतःला समजावलं. पण लोखंडावर उंदीर कशाला चढेल, हेही तिच्या मनानेच लगेच विचारलं.

शेगडीवाल्याने दुकान बंद केलं, म्हणून कोटेशन बदलावं लागलं. चौथा कागद गेला. गाळ्याचा नंबर नगरपालिकेने नव्याने घातला होता, त्याचा खुलासा हवा झाला. पाचवा गेला. दर वेळी अर्जवाला विचारायचा, "पाय कसा आहे?" आणि धाकटीला काहीतरी सांगावं लागायचं. सूज आहे. आता जरा उतरलीय. जिना चढवत नाही. बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, पण हे मात्र सरसर जमायला लागलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची. एकदा तर त्याने खिशातून मलमाची ट्यूब काढून दिली. "माझ्या गुडघ्याला उतार पडला याने. त्यांना सांगा, फुकट आहे, घासाघीस करू नका." ती ट्यूब धाकटीच्या पिशवीत राहिली. काहीही काढायला हात घातला की आधी ती बोटांना लागायची.

घरात तर थोरली कुठे नव्हती, असं नव्हतंच. सकाळी कणकेत हात असताना मागून कुणी तरी पाणी पुढे करेल, म्हणून धाकटी हात मागे करायची आणि तो तसाच राहायचा. मशीन थांबलं की मधल्या शांततेत, आतल्या खोलीत कुणी तरी खुर्ची सरकवतंय असं वाटायचं. भाऊजीही मान वर करायचे. दोघं एकमेकांकडे पाहायचे नाहीत. मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

धाकटी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडायची. एरवी ती काही मागायची नाही. आता म्हणायची, तिला शांत ठेव रे. पण म्हणतानाच आतून कुणी तरी विचारायचं, तू ठेवतेस का? माणूस गेलं की सुटतं, अशी तिची श्रद्धा होती. थोरलीला मात्र कुणी सोडलंच नव्हतं. धाकटी तिला बँकेत बोलावत होती, गाळ्यावर उभी करत होती, दुखऱ्या पायाने जिने चढवत होती. जन्मभर राबलेल्या बाईला तिने मेल्यावरही कामाला लावलं होतं.

दुकानाच्या विम्याची संमती हवी होती. सहावा कागद गेला. आता एकच उरला. तेलाच्या अंगठ्याचा.

त्यानंतर कर्जविभागातले साहेब गाळा बघायला आले. चाळिशीचे, सडपातळ, हातात फाईल, तब्येतीला जपून असल्यासारखे सावकाश चालणारे. शेगडी, टेबलं कर्जातून यायची होती, तरी काहीतरी दाखवावं म्हणून धाकटीने घरची शेगडी आणून डाळ, भात आणि बटाट्याची भाजी केली होती. साहेबांनी भिंतींची लांबी पावलांनी मोजली, नळ सोडून पाहिला, दार मागे उघडतं का विचारलं. मग रिकाम्या खोक्यावर बसून त्यांनी ताट पुढे घेतलं.

धाकटीने आच कमी केली होती. अर्धं पाऊल उजवीकडे सरकली होती. थांबली होती. आणि मग, कुणी तरी "उतरव" म्हटल्यासारखं, तिने भांडं उतरवलं होतं.

साहेबांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग भाजी घेतली.

"बाई," ते म्हणाले, "डॉक्टरांनी मला मीठ कमी सांगितलंय हे खरं. पण त्यांचं एवढं मीसुद्धा ऐकत नाही."

धाकटीला आधी कळेना. तिने पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. काही नाही. डाळीला, भाजीला, कशालाच मीठ नव्हतं; घरी महिनाभर ती आणि भाऊजी पानातच वरून मीठ घेत आले होते.

"मीठ... मीठ ताई घालतात," ती म्हणाली.

"मोठ्या बाई ना? पहिल्या दिवशी मी त्यांच्याशीच बोललो होतो. माझं टेबल वाकडं आहे म्हणाल्या होत्या." साहेब हसले. "आहेत कुठे त्या?"

रस्त्यावरून एक बस गेली. गाळ्याची काच थरथरली. वर रांगेतला तोच आकडा हलायला लागला.

"आजारी आहेत," धाकटी म्हणाली.

साहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. "मंजुरी झाल्यासारखीच आहे. मंगळवारी दोघी या. करारावर माझ्यासमोर सह्या लागतील. मग पैसे थेट शेगडीवाल्याच्या आणि टेबलवाल्याच्या खात्यात जातील, तुमच्या हातात नाही. फारच आजारी असतील, तर तुम्हाला सहीचा अधिकार दिल्याचं त्यांच्याकडून लिहून आणा. साध्या कागदावर चालेल. मॅनेजरसाहेबांना मी बोलतो."

साध्या कागदावर. तो कपाटात होताच.

ती सरळ अर्जवाल्याकडे गेली. त्याने सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"पाय नाही ना दुखत त्यांचा?" त्याने हळूच विचारलं.

पिशवीत धाकटीची बोटं मलमाच्या ट्यूबवर टेकली.

"मला सांगू नका. मला काही माहीत नाही, मी नुसता ठोकतो." त्याने चष्मा चढवला. "कागद घेऊन सोमवारी या. अधिकारपत्र चार ओळींचं असतं. गाळामालकाची मुदत कधीपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत."

"मग झालं तर. शनिवारी तुमच्या शेगडीवर चहा पिऊ."

म्हणजे एक कागद दिला की चार टेबलं. नाही दिला, तर अनामत बुडाली, बांगड्या गेल्या, गाळा गेला. वय अठ्ठेचाळीस. पुन्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासायची आणि भाऊजींच्या मशीनवर जगायचं. ज्यांच्याशी तिचं नातं जोडणारी दोन्ही माणसं आता नव्हती, त्यांच्या घरात. भाऊजी कधी काही बोलले नसते. तेच तर अवघड होतं.

रविवारी दुपारी ती मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. मशीनचा आवाज थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. आत आली, तर भाऊजी टेबलाशी उभे होते. बँकेची पिशवी उघडी. मोजपट्टी शोधायला म्हणून त्यांनी हात घातला असावा. हातात विम्याच्या संमतीची नक्कल होती.

"ही सही," ते म्हणाले.

धाकटी दारातच थांबली.

"ही तिचीच आहे. टिंबं तिचीच आहेत." त्यांचं बोट कागदावरून सरकलं आणि तारखेवर थांबलं. "ही सत्तावीस तारखेची आहे."

त्यांनी मान वर केली. चार तारखेला ज्याने स्वतःच्या हाताने तिला निरोप दिला होता, तो माणूस धाकटीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धक्काही नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती.

"ती आली होती?" त्यांनी विचारलं. अगदी हळू, शेजारी ऐकणार नाहीत अशा बेताने. "मला वाटायचंच. खुर्ची सरकल्याचा आवाज... मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ. तुझ्याकडे आली होती? मग मला का नाही सांगितलंस गं?"

एवढी वर्षं सोबत राहून धाकटीने या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही ते रडत नव्हते. ते वाट बघत होते. तिने 'हो' म्हणावं, एवढीच.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "ताईंनी आधीच करून ठेवल्या होत्या. सोमवारच्या चिठ्ठ्यांसारख्या. तारीख मी घातली."

त्यांना कळायला वेळ लागला. मग चेहऱ्यावरची ती आशा गेली. विझली म्हणावं, तर विझताना निदान धूर तरी राहतो. इथे काहीच राहिलं नाही. कागद त्यांनी नीट घडी करून पिशवीत ठेवला. मशीनपाशी जाऊन बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा जाईना. तरी ते ओवत राहिले.

धाकटी आतल्या खोलीत गेली. कपाटातला शेवटचा कागद काढला, थोरलीच्या जागेवर बसली आणि शाळेत शिकवलं होतं तशा सरळ, गोल अक्षरांत वरून लिहायला लागली. अर्जवाल्याकडे जायचं नव्हतं. हे दुसऱ्याने ठोकायचं नव्हतं.

"साहेबांस विनंती. या कागदाखाली जिची सही आहे, ती माझी थोरली जाऊ मागच्या महिन्याच्या चार तारखेला वारली. त्यानंतर तिच्या सहीचे चार कागद मी बँकेत दिले. सह्या तिच्याच आहेत, तिने जिवंतपणी केल्या होत्या. तारखा खोट्या आहेत आणि त्या माझ्या आहेत. माझ्याकडून मोठी चूक झाली. तिचा यात काही दोष नाही. आता तिला मोकळं करावं आणि माझा एकटीचा विचार करावा किंवा करू नये."

'मागच्या'च्या आधी चुकून 'चालू' लिहिलं गेलं होतं. तिने ते खोडलं. मग खाली, थोरलीच्या सहीशेजारी, आपली सही केली. रेघ सरळ आली नाही. तेलाच्या अंगठ्याजवळ तिचा हात टेकला होता आणि तिथे कागद किंचित उबदार लागला. उन्हातून आली होती म्हणून असेल. तिने हात लगेच उचलला नाही.

मंगळवारी भाऊजी म्हणाले, "मी येतो."

"पायऱ्यांपर्यंत या," ती म्हणाली. "आत मला बोलायचंय."

अर्जवाल्याच्या टेबलावर तिने मलमाची ट्यूब ठेवली. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. त्याने ट्यूबकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि बसायला स्टूल पुढे केलं.

आत साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग फाईल उघडून चारही कागद एकेक करून टेबलावर मांडले. टेबल खरंच वाकडं होतं. एक कागद घसरला आणि धाकटीने तो धरला.

"तुम्हाला कळतंय का हे काय आहे?" साहेबांचा आवाज खाली आला होता, पण मऊ नव्हता. "फौजदारी होऊ शकते. सरकार हमी घेतं ती माणसावर घेतं बाई, सहीवर नाही. उद्या पैसे सुटले असते तर माझी नोकरी गेली असती."

"हो," ती म्हणाली.

"का सांगितलंत मग? कागद तर होता तुमच्याकडे."

धाकटीला वाटलं, आता शब्द परत जातील. पण ते आले.

"साहेब, मी त्यांना फार दमवलं. जिवंतपणी त्या माझ्यासाठी बोलल्या. गेल्यावरही मी त्यांनाच पुढे केलं. त्यांच्या माणसाला वाटलं, त्या परत आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघवेना मला. माझी जाऊ वारली, साहेब. हे मी तुम्हाला तेरा तारखेला सांगायला हवं होतं."

तिचा आवाज जरा मोठा झाला असावा. शेजारच्या टेबलावरची, फोनवरची ती मुलगी थांबून बघत होती.

साहेब मॅनेजरच्या काचेआड गेले. धाकटी बाकावर बसली. काचेआडून शब्द येत नव्हते, फक्त हात दिसत होते. पाऊण तास झाला. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली. काही मागत नव्हती, नुसतं नाव.

साहेब आले ते उभेच राहिले. ही फाईल बंद. पैसे सुटलेले नाहीत म्हणून प्रकरण इथेच थांबवतोय. तीन महिन्यांनी स्वतःच्या एकट्या नावाने अर्ज करायचा तर करा. रक्कम निम्मी मिळेल, मिळालीच तर. आणि प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर.

"तो शेवटचा कागद मिळेल का परत?" तिने विचारलं.

"नाही. तो फाईलला लागतो."

तिने मान हलवली. थोरलीच्या सगळ्या सह्या आता बँकेच्या कपाटात होत्या, आणि घरी एकही नव्हती.

शुक्रवारी गाळा गेला. तिथे चपलांचं दुकान आलं. छताचे आकडे नव्या दुकानदाराने काढून टाकले असं ऐकलं. त्या रस्त्याने धाकटी बरेच दिवस गेली नाही. तीन महिने तिने एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम काढलं. तिथलं मीठ तिथलीच एक बाई घालायची. मग अर्ज केला, अर्जवाल्याने पैसे न घेता ठोकला, आणि सात महिन्यांनी, जिना उतरून जावं लागेल अशा एका तळघरवजा खोलीत दोन टेबलांचं जेवणघर सुरू झालं. पाटी भाऊजींनी कापडावर शिवली. त्यावर काय लिहावं हे थोरली ठरवणार होती. म्हणून त्यांनी नुसतं 'जेवण' एवढंच शिवलं.

पहिल्या दिवशी धाकटीने आच कमी केली आणि सरकली. अर्धं पाऊल, उजवीकडे. डावीकडे जागा मोकळी झाली. तिने थोडं थांबून, त्या मोकळ्या जागेवरून हात लांब करून मीठ घातलं, तळहातावर थेंब घेतला आणि चाखला. मग वाट पाहिली. कुणी काही म्हटलं नाही. तिने स्वतःच, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "उतरव."

कर्ज दिलं की बँकेचा माणूस वर्षातून एकदा धंदा चालू आहे का ते बघायला येतो. साहेब आले. एका टेबलावर दोन बसड्रायव्हर जेवत होते. साहेबांनी ताट घेतलं, काही न बोलता संपवलं, आणखी डाळ मागितली. मग फाईल घेऊन शेगडी बघायला आत आले, आणि नोंद करण्यासाठी शेगडीच्या डावीकडे, भिंत आणि भांड्यांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत उभे राहिले.

"तिथे नका उभे राहू, साहेब," धाकटी म्हणाली.

साहेबांनी खाली पाहिलं. काही सांडलेलं नव्हतं. फरशी कोरडी होती आणि इतर फरशांपेक्षा जरा जास्तच घासलेली दिसत होती. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचं लक्ष भांड्यात होतं.

ते बाजूला झाले. का, ते त्यांनी विचारलं नाही.